सायकलची सीट दुखते? आधी नेमकं कुठे ते सांगा

रविवारी सकाळी खडकवासल्याला धरणाजवळच्या टपरीवर आम्ही चौघी चहा पीत होतो. बाकडं अख्खं रिकामं, आणि आम्ही चौघी उभ्या. सायकल घेऊन जेमतेम दोन महिने झालेले, कोथरूडहून इथवर येताना पाय भरून आलेले, पण बसायचं नाव कुणी काढेना. टपरीवाल्याने दोनदा "बसा की ताई" म्हणून पाहिलं. शेवटी एकीने आवाज खाली आणून विचारलं, "तुमचंही दुखतं का गं?" त्यावर जे हसू फुटलं ते दुसरा चहा संपेपर्यंत आवरलं नाही.

त्या गप्पांत लक्षात आलं की दुखत चौघींचं होतं, पण चार वेगळ्या ठिकाणी. एकीची बुडाची हाडं ठणकत होती. एकीचा पुढचा भाग बधीर व्हायचा. तिसरीच्या जांघा सोलवटल्या होत्या. माझं माकडहाड दर खड्ड्याला कळ मारायचं. उपाय मात्र चौघींनी एकच केला होता, तो म्हणजे दुकानातून आणलेलं जाडजूड जेलचं कव्हर.

आता कुणी वहिनी किंवा मैत्रीण "चांगली सीट कुठली घेऊ?" असं विचारते तेव्हा मी उलट विचारते, दुखतं कुठे? इथे बहुतेकजणी अडखळतात. "खाली." "तिथे." "बसायच्या जागी." गुडघा दुखला तर आपण बोट ठेवून दाखवतो, इथे सगळा कारभार मोघम. आणि मोघम सांगितलं की दुकानदार मोघम सीट देतो. म्हणून सुरुवात नव्या सीटपासून करू नका, दुखण्याच्या जागेपासून करा.

दुखण्याची जागा काय सांगते

कडक स्टुलावर बसा, दोन्ही तळवे बुडाखाली सरकवा आणि जरा पुढेमागे झुला. तळव्यांना दोन टणक गाठी लागतील. ही बसायची हाडं. डॉक्टर त्यांना इश्चियल ट्युबरॉसिटी म्हणतात. ताठ बसलात तर सीटवरचं तुमचं वजन याच दोन गाठींनी पेलायचं असतं, मधल्या मऊ भागाने नव्हे. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

या गाठींवरच दुखत असेल, मुका मार लागल्यासारखं, दाबलं की ठसठसणारं, तर नवखेपणी ते चालतं. दोन-तीन आठवडे एक दिवसाआड थोडं थोडं चालवत गेलात की कमी होतं. महिन्यानंतरही तसंच असेल तर सीटची रुंदी चुकली आहे किंवा सीट इतकी खाली आहे की पाय काम करत नाहीत आणि सगळा भार बुडावर येतो.

समोरच्या मऊ भागात बधिरपणा, मुंग्या, जळजळ, सूज, घरी आल्यावर लघवीला चुरचुरणं, हे मात्र पहिल्या दिवसापासून चुकीचं आहे. "सवय होईल" हे वाक्य इथे लागू नाही. भार हाडांवरून घसरून मऊ भागावर आला आहे. कारण चारांपैकी एक असतं. सीट अरुंद आहे आणि हाडं तिच्या कडेबाहेर लोंबतायत, सीट फार मऊ आहे आणि हाडं आत रुततायत, सीटचं टोक वर उचललेलं आहे किंवा हँडल इतकं लांब आहे की तुम्ही नकळत टोकावर सरकताय.

जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला सालटं निघत असतील तर आधी कपड्यांची शिवण बघा, मग सीटची उंची. सीट फार उंच असली की पाय पुरवायला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि दर फेऱ्याला कातडं घासतं. एवढंही नसेल तर सीटचं टोक जाड आहे.

माकडहाडाचं दुखणं बहुतेक वेळा अगदी ताठ किंवा पोक काढून बसल्यामुळे येतं. माझं तसंच होतं. सीट मागे कललेली होती आणि मी आरामखुर्चीत रेलल्यासारखी मागच्या कडेवर बसायचे. टोक सपाटीला आणलं, हँडलकडे किंचित झुकायला शिकले, दुखणं आठवड्यात गेलं. खर्च शून्य. जेलचं कव्हर अजून माळ्यावर पडून आहे.

एकाच बाजूला दुखतंय? सायकलच्या मागे उभं राहून बघा, सीटचं टोक मधल्या नळीच्या सरळ रेषेत आहे का. पार्किंगमध्ये कुणी सायकल ओढली-ढकलली की सीट जराशी फिरते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

कणकेचा प्रयोग

"मऊ सीट म्हणजे आरामाची सीट" हे डोक्यातून जायला मला वर्ष लागलं. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी पोळ्यांची कणीक मळून झाली की तो गोळा परातीत थापावा आणि त्यात दोन्ही अंगठे दोन-अडीच इंच अंतराने दाबावेत. अंगठे खाली जातात आणि मधली कणीक वर फुगून येते. अंगठे म्हणजे तुमची हाडं, कणीक म्हणजे जेल, आणि मधे जे वर येतं ते नेमकं तिथे रुततं जिथे अजिबात दाब नको. दुकानात बोटाने दाबून "वा, किती मऊ" म्हणतो तीच सीट पंधरा किलोमीटरनंतर छळायला लागते.

मऊ सीट सरसकट वाईट असंही नाही. लेडीज सायकलवर ताठ बसून भाजीला जायचं, मुलाला क्लासला सोडायचं, दोन-तीन किलोमीटरचाच मामला असेल तर स्प्रिंगवाली रुंद, गुबगुबीत सीट झकास. तासभराच्या वर बसायचं असेल तर आतून घट्ट आणि वर पातळ गादी असलेली सीट बघा. माझ्या एका मैत्रिणीने २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, जी साडेतेरा तासांत संपवावी लागते, अशा एका सीटवर केली की जी हातात घेऊन तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर पाट आहे!"

हाडांमधलं अंतर मोजायची घरगुती पद्धत

मोठ्या सायकल दुकानांत कधीकधी हे मोजायची गादी असते, तिच्यावर बसलं की खुणा उमटतात. ती नसेल तरी अडत नाही. पन्हाळीचा पुठ्ठा घ्या, म्हणजे ऑनलाइन सामान येतं त्या खोक्याचा, ज्याच्या आत नागमोडी थर असतो. साधारण फूटभर लांब-रुंद तुकडा कापा. दुमडलेला, ओला झालेला नको.

पुठ्ठा लाकडी स्टुलावर किंवा जिन्याच्या दगडी पायरीवर ठेवा. प्लास्टिकची खुर्ची चालत नाही, ती वाकते. पातळ कपड्यात त्यावर बसा, जीन्समध्ये नको. पायाखाली दोन जाड पुस्तकं किंवा विटा ठेवा म्हणजे गुडघे जरा वर येतील आणि हाडं पुठ्ठ्यात नीट रुततील. आता सायकलवर जितकं झुकता तितकंच पुढे झुका, स्टुलाच्या कडा हातांनी धरून स्वतःला खाली ओढा आणि मिनिटभर हलू नका. चुळबुळ केली की दोनाचे चार खड्डे होतात.

उठल्यावर पुठ्ठा खिडकीशी तिरका धरा. दोन उथळ खळगे दिसतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा, खळगे फिके राहतात. प्रत्येक खळग्याच्या मधोमध टिंब काढा आणि दोन टिंबांमधलं अंतर मोजा. नव्या तुकड्यांवर हे एकूण तीन वेळा करा आणि जे दोन आकडे जवळजवळ येतील ते धरा. माझे पहिल्यांदा ११८, मग १२६, मग १२५ मिलिमीटर आले. पहिल्या वेळी मी हसत होते.

बहुतेकींचा आकडा १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी येतो. एक गैरसमज इथेच काढून टाकूया. हे अंतर कमरेच्या घेराशी किंवा वजनाशी जुळेलच असं नाही. अंगाने भरलेल्या बाईची हाडं जवळ असू शकतात आणि सडपातळ मुलीची लांब. "मॅडम, तुम्हाला रुंदच लागेल" असं कुणी नुसतं बघून सांगितलं तर पुठ्ठा काढून दाखवा.

आकडा आला, पण तीच सीटची रुंदी नव्हे. हाडांना दोन्ही बाजूंनी थोडी जागा लागते, आणि किती ते बसण्यावर ठरतं. ताठ बसून चालवत असाल तर आकड्यात सुमारे ४ सेंटिमीटर मिळवा, थोडं झुकून म्हणजे साध्या हायब्रिडवर (साधी सायकल आणि रोड बाइक यांच्या मधला प्रकार) ३, बऱ्यापैकी झुकून २ आणि रोड बाइकवर खाली वाकून १. झुकलं की अंतर कमी का लागतं? कारण कमरेचा सांगाडा पुढे कलंडतो, भार मागच्या गाठींवरून पुढे जाणाऱ्या हाडांच्या कडांवर येतो आणि या कडा पुढे पुढे जवळ येत जातात. माझे १२५, हायब्रिडवर अधिक ३०, म्हणजे १५५. दुकानातली सीट सर्वांत रुंद जागी, वरून, टेपने मोजायची.

म्हणूनच एका सायकलची लाडकी सीट दुसऱ्या सायकलवर बसवली की नकोशी होते. सायकल बदलली तर हिशोब पुन्हा मांडायचा.

आधी आहे तीच सीट नीट लावा

मला विचाराल तर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नवीन सायकलींना ४, ५ किंवा ६ मिलिमीटरची अॅलन की लागते, जुन्या पद्धतीच्या सायकलींना १३ किंवा १४ नंबरचा पाना. हात लावायच्या आधी बाजूने एक फोटो काढा आणि सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, जिथे तो नळीत शिरतो तिथे, चिकटपट्टीची खूण करा. चुकलं तर परत येता येतं.

पहिली उंची. भिंतीला टेकून सीटवर बसा, चप्पल-बूट जे घालून चालवता ते घालून. पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण टाच गाठायला कंबर झुकता कामा नये. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक राहतो. सीटपोस्टवर कमाल उंचीची आडवी रेघ कोरलेली असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडा वाकतो, कधी तुटतो.

या उंचीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, फक्त चवडे टेकतात. इथेच नवख्या बायका घाबरतात आणि सीट खाली करून घेतात. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या शाळकरी मुलींच्या रांगा तालुक्याच्या रस्त्यांवर बघा. कितीतरी जणींचे गुडघे छातीपर्यंत येत असतात, कारण घरच्यांनी "पाय टेकायला हवेत" म्हणून सीट पार खाली बसवलेली. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो, बसल्या बसल्या नाही. ही सवय रिकाम्या मैदानात दोन संध्याकाळी केली की जमते. तोवर सीट एकदम वर नेऊ नका. चार दिवसांनी एक सेंटिमीटर या हिशोबाने चढवा.

दुसरं, टोकाचा कल. सीटवर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा आणि त्यावर मोबाइलमधलं पातळी मोजायचं अॅप लावा. सायकल सपाट फरशीवर उभी हवी. सुरुवात शून्यावरून करा. समोर दाब येत असेल तर टोक एक अंश खाली, दोन फेऱ्या मारून बघा, मग हवं तर आणखी एक. तीन अंशांपलीकडे सहसा जाऊ नये. टोक फार खाली गेलं की तुम्ही घसरगुंडीवर बसल्यासारख्या पुढे सरकता, भार हातांवर येतो आणि मनगटं, खांदे बोलायला लागतात. "सीट बरी झाली पण हात दुखायला लागले" असं झालं की समजा, टोक जास्त खाली गेलंय.

तिसरं, पुढे-मागे. सीटखाली दोन समांतर दांड्या असतात, त्यांना रेल म्हणतात. त्यांना धरून ठेवणारी पकड, म्हणजे क्लॅम्प, सैल केला की सीट त्यांवर सरकते. पेडलचे दोन्ही हात जमिनीला समांतर ठेवा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरीला बांधलेली किल्ली लोंबती सोडा. ती साधारण पेडलच्या आसावर आली की सुरुवातीला पुरे. हा काही ब्रह्मवाक्याचा नियम नाही. पाच-पाच मिलिमीटर इकडेतिकडे करून बघायला हरकत नाही.

आणि हँडल. सीटला दोष देता देता हँडलकडे कुणाचंच लक्ष जात नाही. हात पूर्ण ताणल्याशिवाय हँडल गाठत नसेल तर शरीर पुढे सरकतं आणि टोकावर बसतं. मग जगातली सर्वांत महाग सीट आणा, तुम्ही तिच्या चांगल्या भागावर बसतच नाही. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. हँडलच्या आधीचा आखूड दांडा, म्हणजे स्टेम, बदलून छोटा लावता येतो, आणि तो चांगल्या सीटपेक्षा बहुधा स्वस्त पडतो.

एका वेळी एकच बदल, आणि निदान दोन फेऱ्या. उंची, कल आणि हँडल एकदम हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

नवी सीट घ्यायची वेळ आली तर

"लेडीज" या शब्दावर भुलू नका. बायकांच्या हाडांमधलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं हे खरं, पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. माझ्या माहितीत पुरुषांच्या सीटवर सुखी असलेल्या तिघी आहेत, आणि गुलाबी नक्षीची "खास महिलांसाठी" सीट फेकून दिलेल्या त्याहून जास्त. काही लेडीज सीट म्हणजे नुसती आखूड, रुंद आणि गुबगुबीत केलेली साधी सीट असते.

मधे खाच किंवा भोक असलेली सीट हा नवा शोध आहे असं दुकानात ऐकवतात. तसं नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत बायका सायकलवर बसायला लागल्या, डॉक्टरमंडळींनी नाकं मुरडली, आणि त्याच काळात क्रिस्टी नावाची सीट बाजारात आली. हाडांखाली दोन वेगळ्या गाद्या आणि मधे मोकळी जागा! नंतर हा विचार मागे पडला. १९८५ मध्ये जॉर्जिना टेरी या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी खास बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली, आणि त्यांच्या खाचवाल्या सीटनंतर बाकीच्यांनाही जाग आली. आपल्यापाशी तो विचार आला आणखी उशिरा.

खाच सगळ्यांना मानवते असंही नाही. काहींच्या भगोष्ठांना, म्हणजे योनीमुखाच्या बाजूच्या पाळ्यांना, खाचेच्या कडा टोचतात किंवा सूज नेमकी त्या पोकळीत येते. अशांसाठी स्पेशलाइज्डच्या मिमिक प्रकारासारख्या सीट आहेत, ज्यांत मधला भाग पोकळ न ठेवता वेगळ्या मऊ फोमने भरलेला असतो. याच कंपनीच्या सीट १४३, १५५, १६८ मिलिमीटर अशा रुंदींत मिळतात, म्हणून तुमचा पुठ्ठ्याचा आकडा तिथे थेट कामी येतो. रुंदी लिहिलेलीच नसेल अशी सीट मी घेत नाही.

वाकून चालवणाऱ्यांनी आखूड टोकाची सीट जरूर बघावी. पुढे कलंडल्यावर रुतायला टोकच फारसं उरत नाही.

चामड्याच्या सीटचा मोह कधीतरी होतोच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला १८६६ मध्ये सुरू झालेल्या ब्रूक्सची बी-१७ सीट आजही मिळते, तिचं आखूड रूपही बायकांसाठी निघालं. नवी कोल्हापुरी जशी आधी चावते आणि मग पायाचीच होऊन जाते, तसं हे चामडं काहीशे किलोमीटरनंतर तुमच्या हाडांचा आकार घेतं. त्यात खळगे पडतात आणि ते फक्त तुमचे असतात. पण आपल्याकडचा पावसाळा? भिजलेलं चामडं सैल पडतं, आणि बंद जिन्याखाली चार दिवस सायकल राहिली तर वर हिरवी बुरशी. जून ते सप्टेंबर तिला प्लास्टिकची टोपी घालून जपायची तयारी असेल तरच.

विकत घेताना आपल्या सायकलला ती बसेल का हेही विचारा. नेहमीच्या रेलची जाडी ७ मिलिमीटर असते आणि ती बहुतेक क्लॅम्पमध्ये बसते. जुन्या सायकलींच्या सरळ सीटपोस्टला क्लॅम्प वेगळा लावावा लागतो, तो सीटबरोबर येतोय ना ते तिथल्या तिथे बघा. महाग सीटला कार्बनच्या लंबगोल रेल असतील तर साधा क्लॅम्प चालत नाही.

किंमत पाच-सातशेपासून दहा-बारा हजारांपर्यंत कुठेही असते आणि तिचा आरामाशी थेट संबंध नाही. वरचे पैसे बरेचसे वजन कमी करण्याचे असतात. दुकानातल्या सायकलवर दोन मिनिटं बसून काही कळत नाही. आठवडाभर वापरून परत करू देतील का, हे आधी विचारा. माझी आत्ताची सीट तर एका ओळखीच्या बाईंनी वापरून नको म्हणून दिलेली आहे. तिचे दिवस संपले होते, माझे सुरू झाले. सायकलवाल्या बायकांच्या घरी अशा एक-दोन नावडत्या सीट धूळ खात असतातच. मागून बघा, महिनाभर वापरा, नाही जमली तर परत द्या.

कपडे आणि कातडी

जीन्स घालून सीटबद्दल तक्रार करायची नाही. चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात ती गाठ बरोबर नको तिथे असते. लेगिंग घेतानाही उलटी करून बघा, मधे पाचरीसारखा सलग तुकडा शिवलेला असेल तर उत्तम. लेसची अंतर्वस्त्रं सायकलवर नकोतच.

पॅड शिवलेली सायकलिंग शॉर्ट्स तासाभराच्या वरच्या फेरीला फार फरक पाडते. बायकांच्या मापाची घ्या, कारण पॅडचा आकार वेगळा असतो. आणि तिच्या आत काहीही घालायचं नाही. हो, चड्डीही नाही. हे कळल्यावर माझ्या मावशीने फोन करून खात्री करून घेतली होती. आत चड्डी घातली की तिची शिवण पॅड आणि कातडी यांच्या मधे येते आणि पॅडचे पैसे पाण्यात. लोकांसमोर आखूड शॉर्ट्स नको वाटत असेल तर वरून कुर्ता, सलवार किंवा ट्रॅकपँट घाला, आतलं कुणाला दिसत नाही. कुर्ता सीटवर बसण्याआधी मागे सारून घ्या, खाली घडी राहिली की तीही टोचते.

जिथे घासतं तिथे फेरीच्या आधी क्रीम किंवा थोडी पेट्रोलियम जेली लावा. सायकलिंगची क्रीम घेत असाल तर डबीवर मेन्थॉल आहे का वाचा. थंडावा देणारी ही क्रीम पुरुषांच्या कातडीला कदाचित सुखावत असेल, आपल्याला ती कुठे लागते याचा विचार करा. मी तो केला नव्हता, आणि कर्वे रस्त्याच्या सिग्नलला मला जे काही वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावडर नको, घामात तिच्या गुठळ्या होतात.

लांब फेरीच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा शेव्हिंग करू नका. आत वळलेले केस, त्यावर घाम, त्यावर घर्षण, आणि मग केसतोड ठरलेला. कात्रीने छाटलेलं चालतं. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात. त्या चार दिवसांत मी कप वापरते, काहीजणी टॅम्पॉन वापरतात.

घरी आल्यावर आधी कपडे बदला, मग चहा. ओल्या शॉर्ट्समध्ये तासभर गप्पा मारल्या की बुरशीचा संसर्ग आणि पुळ्या हमखास. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, सुवासिक साबण नको. शॉर्ट्स प्रत्येक वेळी धुवा आणि उलटी करून वाळवा. पावसाळ्यात दोन जोड लागतातच. पाळी जायच्या वयाच्या आसपास तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे वर्षानुवर्षं मानवलेली सीट अचानक टोचायला लागू शकते. दोष सीटचा नाही, तुमचाही नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे यावर उपाय असतात.

आणि रस्त्यावर एक साधी गोष्ट. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की पेडल समांतर करून बूड इंचभर उचला. दर दहा मिनिटांनी अर्धं मिनिट उभं राहून चालवा, म्हणजे रक्त फिरतं.

डॉक्टरकडे कधी जायचं? सायकलवरून उतरल्यावर बधिरपणा थोड्या वेळात गेला नाही तर. एका बाजूला सूज राहिली, गाठ लागली, रक्त आलं, ताप आला किंवा पुळी पिकून मोठी झाली तर. बाळंतपणानंतर, विशेषतः टाके पडले असतील तर, परत सायकल कधी हे स्वतः ठरवू नका. आणि तिथे गेल्यावर "खाली दुखतं" एवढंच सांगू नका. बोट ठेवून दाखवा, किती किलोमीटरनंतर सुरू होतं तेही सांगा.

सगळं जुळलं, सीट आहे याची आठवणही न राहता तास गेला, की त्याच दिवशी सीटपोस्टवर नळीच्या तोंडाशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. दुसरी रेघ रेलवर, क्लॅम्पच्या कडेला. सायकल सर्व्हिसिंगला गेली की मेकॅनिक सीट काढतो आणि परत लावताना बाईमाणसाची सायकल म्हणून हमखास चार बोटं खाली लावतो. तिथेच उभं राहून रेघ दाखवायची आणि म्हणायचं, "दादा, इथपर्यंत."